सगळं मापात, तरी केस तुटली

पेनसिल्व्हेनियातल्या ज्या दुकानात मी बंदुका दुरुस्तीचं काम करतो, तिथे ऑक्टोबर लागला की लिव्हर-ॲक्शन (खालची लिव्हर उघड-मीट करून काडतूस आत घ्यायच्या) रायफलींची रीघ लागते. नोव्हेंबरअखेर हरणांचा हंगाम सुरू होतो आणि घराघरांतल्या जुन्या थर्टी-थर्टी (त्या नावाच्या काडतुसाच्या रायफली) कपाटाबाहेर निघतात. अशाच एका दिवशी एक विंचेस्टर मॉडेल १८९४ टेबलावर आली. १९२०च्या दशकातली, निळा रंग उडालेला, पण लाकूड आणि नळी उत्तम. गिऱ्हाईक स्वतः काडतुसं भरणारा, हात नीटनेटका. त्याची तक्रार अशी की बार उडाला, लिव्हर ओढली तर केसचा (काडतुसाच्या पितळी नळकांड्याचा) फक्त बुडखा बाहेर आला, आणि पुढचं काडतूस अर्ध्यात अडकलं. त्याने जोर लावला नाही, अडकलेलं काडतूस सांभाळून काढलं, मॅगझिन रिकामं केलं आणि रायफल घेऊन आला. हे त्याने फार शहाणपणाचं केलं. तुटक्या केसमध्ये जिवंत काडतूस ठोकून बसवणं हा अपघाताला बोलावण्याचा हमखास मार्ग आहे.

त्याचं निदान तयार होतं: पावडर जास्त पडली. बहुतेक लोक हेच म्हणतात.

आधी चेंबरमधला (नळीच्या मागच्या, काडतूस बसायच्या पोकळीतला) तुकडा काढला. यासाठी काडतुसाच्याच आकाराचा एक एक्स्ट्रॅक्टर मिळतो. तो तुटक्या केसमध्ये सरकवायचा आणि लिव्हर हळू मिटायची. त्याचं टोक केसच्या तोंडापलीकडे जाऊन फाकतं. मग लिव्हर उघडली की तुकडा पकडून आणतं. तुकडा सहज आला. केस रिमपासून (बुडाच्या बाहेर आलेल्या कडेपासून) साधारण पाव इंचावर, गोल कापल्यासारखी तुटली होती. जास्त दाबाने फुटलेली केस अशी दिसत नाही. तिथे प्रायमरचा (बुडातल्या, ठिणगी पाडणाऱ्या टोपीचा) खळगा सैल होतो, प्रायमर सपाट होऊन कडेला पसरतो, बुडावर बोल्टच्या (चेंबर मागून बंद करणाऱ्या सरकत्या भागाच्या) तोंडाच्या खुणा उमटतात. इथे प्रायमरच्या कडा गोलाकार होत्या आणि खळगा घट्ट होता. तरीही उरलेल्या काडतुसांतली पाच उघडून पावडर तोलली. एक दशांश ग्रेनच्या (पावडर तोलायच्या छोट्या वजनाच्या) आत सगळी सारखी, आणि मॅन्युअलमधल्या किमान आणि कमाल आकड्यांच्या मधोमध. पावडर निर्दोष.

पावडरीचा आकडा इथे मुद्दाम देत नाही. तो ज्या कंपनीची पावडर, तिच्या चालू मॅन्युअलमधूनच घ्यायचा, सुरुवात किमान आकड्यापासून करायची. थर्टी-थर्टी या नावात दुसरा 'थर्टी' म्हणजे मुळात तीस ग्रेन पावडर. हे काडतूस १८९५ साली बाजारात आलं, तेव्हाच्या धूरविरहित पावडरचं ते वजन. आजच्या पावडरींशी त्याचा काही संबंध नाही. नाव वाचून माप घेणारे लोक आहेत, म्हणून हे लिहावं लागतं.

मग रायफल तपासली. थर्टी-थर्टीची केस रिमवाली आहे. केस चेंबरमध्ये किती आत जाणार हे कागदोपत्री रिम ठरवते, शोल्डर (मानेकडे निमुळता होणारा भाग) नाही. मानकाप्रमाणे रिमची जाडी जास्तीत जास्त ०.०६३ इंच, आणि त्याहून दहा थाउपर्यंत कमी चालते. (वर्कशॉपमध्ये इंचाच्या हजाराव्या भागाला थाउ म्हणतात, तेच इथे वापरतो.) बंद बोल्टचं तोंड आणि चेंबरमधली रिमची बैठक यांतली जागा ०.०६३ ते ०.०७० इंच. बोल्टचा एक्स्ट्रॅक्टर उतरवून गो-गेज (किमान, म्हणजे ०.०६३ इंच मापाचा ठोकळा) टाकलं, लिव्हर मिटली. गेजच्या मागे सहा थाउची शिम (पातळ पत्री) ठेवली, तरी मिटली. सात थाउला अडली. म्हणजे जागा ०.०६९. शंभरीकडे झुकलेल्या रायफलीला हे माप चांगलंच म्हणायचं. त्याच्या केसांची रिम मायक्रोमीटरवर ०.०५८ भरली. तीही मापात. रायफल मापात, केस मापात, पावडर मापात, आणि तरी केसचे दोन तुकडे. हे काम मला अडवून ठेवणारं वाटलं ते यामुळे.

०.०६९ मधून ०.०५८ गेले, उरले अकरा थाउ. एवढी मोकळी जागा प्रत्येक बारेला केसच्या बुडामागे राहत होती. फायरिंग पिन प्रायमरवर आदळते तेव्हा आधी केस पुढे ढकलली जाते, रिम बैठकीला टेकेपर्यंत. दाब वाढला की केसच्या पुढच्या पातळ भिंती फुगून चेंबरला चिकटतात आणि हलत नाहीत. बूड जाड असतं, ते चिकटत नाही. ते मागे सरकून बोल्टवर जाऊन आदळतं. पुढचा भाग जागेवर, मागचा अकरा थाउ मागे: मधलं पितळ ताणलं जातं, आणि ते नेमकं जाड बूड संपून पातळ भिंत सुरू होते तिथे. १८९४ची आणखी एक गोष्ट इथे भर घालते. तिच्या बोल्टला पुढे कड्या नाहीत. मागून एक ठोकळा उभा सरकून वर येतो आणि बोल्टला आधार देतो. म्हणजे बार होताना सगळा बोल्ट दाबला जातो आणि रिसिव्हरच्या (बोल्ट ज्यात बसतो त्या चौकटीच्या) बाजू किंचित ताणल्या जातात. थर्टी-थर्टीचा कमाल दाब ४२,००० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) आहे, थर्टी-ऑट-सिक्स या जास्त जोराच्या काडतुसाचा ६०,०००, त्यामुळे रचना पुरते. पण पितळेला ताण मिळतोच.

एकदा ताणलं तर केस तुटत नाही. दर वेळी ताणलं तर तुटते. आणि दर वेळी ताणायची सोय डायने (वापरलेली केस पुन्हा मापात दाबणाऱ्या साच्याने) करून ठेवली होती.

चेंबरचा खरा आकार पाहण्यासाठी सेरोसेफचा साचा घेतला. हा बिस्मथचा मिश्रधातू सुमारे ७० ते ८८ अंश सेल्सिअसला वितळतो. नळीत चेंबरच्या पुढे कापडाचा बोळा बसवून तो ओतायचा. थंड होताना पहिला अर्धा तास तो आकसतो, म्हणून तेवढ्यात साचा ढकलून काढायचा. पुढे तो पुन्हा फुगत जातो आणि ओतल्यापासून तासाभराने चेंबरच्या नेमक्या मापाला येतो. मोजायचं तेव्हाच. दुसऱ्या दिवशी मोजलं तर मोठं माप मिळतं. साच्यावर दिसलं की चेंबरचं शोल्डर बरंच पुढे आहे. रिमवाल्या काडतुसांच्या जुन्या चेंबरांत हे नेहमीचं. शिकारीत धूळ-चिखल लागलेलं काडतूसही आत जावं, म्हणून कारखाने तिथे ऐसपैस जागा सोडत. बार झालेली त्याची एक केस आणि डायमधून काढलेली एक केस यांची कम्पॅरेटरवर (शोल्डरची जागा मोजणाऱ्या साधनावर) तुलना केली. डायमधून काढलेल्या केसचं शोल्डर अठरा थाउ मागे.

डायच्या डब्यात येणाऱ्या कागदावर लिहिलेलं असतं की डाय शेलहोल्डरला (केसचं बूड धरणाऱ्या तुकड्याला) टेकेपर्यंत फिरवा, मग आणखी पाव फेरा. गिऱ्हाइकाने तसंच केलं होतं. त्या सूचनेचा हेतू असा की काडतूस कोणत्याही रायफलीत जावं. तिथे केसच्या आयुष्याचा विचार नाही. अशी मागे दाबलेली केस चेंबरमध्ये फक्त रिमवर टेकते, आणि अकरा थाउ मोकळे ते मोकळेच. शोल्डर जागेवर राहू दिलं असतं, तर केस शोल्डरवर टेकून बोल्टला मागून चिकटून बसली असती आणि ताणायला जागाच उरली नसती.

त्याच्या पिशवीत आणखी एक पुरावा निघाला. सरावासाठी त्याने ओतीव शिशाच्या गोळ्या लावून हलकी काडतुसं भरली होती. त्या वापरलेल्या केसांत प्रायमर बाहेर डोकावत होते. हे बघून लोक घाबरतात आणि दाब जास्त झाला म्हणतात. खरं उलट आहे. दाब कमी असला की केस ताणली जात नाही, प्रायमर तेवढा मागे सरकतो आणि तिथेच राहतो. पूर्ण दाबाच्या बारेत केस मागे येते आणि प्रायमर पुन्हा खळग्यात बसतो. बाहेर आलेला प्रायमर मोजला तर दहा-अकरा थाउ. शिमने काढलेला आकडा हाच. जुन्या थर्टी-थर्टीची ही फुकटची मोजपट्टी आहे, पाहणाऱ्याला कळली पाहिजे.

बाकीच्या केसा तपासायला पेपरक्लिप पुरली. ती सरळ करून टोक काटकोनात वाकवायचं, घासून अणकुचीदार करायचं. केसच्या तळाशी टेकवून भिंतीला लावत वर ओढायचं. टोक कुठे खाचेत अटकलं तर ती केस बाद. बाहेरून त्याच जागी एक चकचकीत गोल रेघ दिसते, पण रेघ दिसेपर्यंत आत बराच माल गेलेला असतो. त्यामुळे बाहेरच्या रेघेवर मी विसंबत नाही. त्या लॉटमधल्या बहुतेक केसांत तार अटकली. एक केस उभी कापून गिऱ्हाइकाला दाखवली. आत इंग्रजी व्हीसारखी खाच, आणि तिथली भिंत शेजारच्या भिंतीच्या निम्मीही नाही. चेंबरमध्ये फाटलेल्या जागी गॅसने चर पाडला आहे का तेही पाहिलं. पाडला नव्हता.

उपाय रायफलीवर नव्हता, डायवर होता. डायचे आटे इंचाला चौदा. म्हणजे एक पूर्ण फेरा ७१ थाउ, पाव फेरा १८ थाउ. डाय शेलहोल्डरला टेकवून एक फेरा वर घेतली. त्याच रायफलीत उडवलेली केस हलकं वंगण लावून दाबली, पुसली, रायफलीत घालून लिव्हर मिटून पाहिली. केसमध्ये प्रायमर नाही, पावडर नाही, गोळी नाही, हे सांगायला नको. मग डाय थोडी थोडी खाली. इथे एक गोष्ट गोंधळात पाडते: सुरुवातीला लिव्हर सैल होण्याऐवजी जड होते. डाय आधी केसचं अंग आवळते, तेव्हा पितळ पुढे सरकून शोल्डर आणखी पुढे जातं. इथे घाबरून डाय एकदम खाली आणायची नाही. आणखी थोडं खाली गेल्यावर डायचं शोल्डर केसला लागतं आणि लिव्हर मिटायला लागते. लिव्हरला बोल्ट-ॲक्शनसारखा दाबायचा जोर नसतो, आणि जंगलात थंड बोटांनी ती अडता कामा नये. म्हणून बार झालेल्या मापापेक्षा शोल्डर दोन थाउ मागे, एवढ्यावर थांबलो. डाय शेलहोल्डरपासून पाव फेऱ्याच्या थोडी कमी वर राहिली. तिथे लॉक रिंग घट्ट केली. या केसा आता याच रायफलीच्या. दुसऱ्या थर्टी-थर्टीत त्या बसतील याची खात्री नाही, म्हणून डब्यावर रायफलीचा नंबर लिहायला लावला.

नव्या केसा घेताना रिम मोजून ०.०६० च्या वरच्याच निवडल्या. पहिल्या बारेला शोल्डर मागेच असतं, तेव्हाचा ताण टळत नाही, पण रिम जाड असली तर तो कमी बसतो.

त्याच्या काडतुसांत दुसरा एक दोष होता, तुटण्याशी संबंध नसलेला. केसांची लांबी २.०३१ पासून २.०४५ इंचांपर्यंत काहीही होती. कमाल लांबी २.०३९, कापायची २.०२९ला. शोल्डर दर वेळी मागे दाबलं की ते पितळ मानेत जातं आणि केस लांबते. एकाच सेटिंगवर क्रिंप केला (गोळी धरून ठेवायला केसचं तोंड आत दाबलं) की लांब केसला जास्त चाप बसतो, थर्टी-थर्टीची पातळ मान तो सोसत नाही आणि शोल्डरला फुगवटा येतो. असं काडतूस चेंबरमध्ये जात नाही. क्रिंप टाळताही येत नाही. नळीच्या मॅगझिनमध्ये काडतुसं एकामागे एक, स्प्रिंगच्या दाबाखाली असतात. धक्क्याने गोळी केसमध्ये आत सरकली तर दाब वाढतो. म्हणून सगळ्या केसा एका लांबीच्या करायच्या, गोळी बसवणं आणि क्रिंप या दोन वेगळ्या खेपा, आणि क्रिंप गोळीवरच्या खाचेतच. मागच्या काडतुसाची गोळी पुढच्याच्या प्रायमरला टेकते, त्यामुळे सपाट नाकाची गोळी हवी आणि प्रायमर बुडाच्या पातळीखाली बसलेला हवा. बोट फिरवून प्रत्येक काडतूस तपासायचं. पूर्ण लांबी २.५५० इंचांवर गेली तर कॅरिअरमध्ये (काडतूस चेंबरपाशी उचलणाऱ्या भागात) अडकण्याची शक्यता वाढते.

हे सारं तिकडच्या कायद्यात बसणारं आहे. अमेरिकेत स्वतःपुरती काडतुसं भरायला परवाना लागत नाही, विकायची असतील तर लागतो. भारतात १९५९च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय काडतूस बनवणं गुन्हा आहे, आणि १९७२च्या वन्यजीव कायद्याखाली आज शिकारीचा प्रश्नच उरत नाही.

तीन वेळा भरून उडवल्यावर तो नव्या केसा दाखवायला घेऊन आला. पहिल्या बारेनंतर लांबी जवळजवळ वाढलेली नव्हती, तार कुठेही अटकली नाही, आणि हलक्या बारेतले प्रायमरही बुडाच्या पातळीत होते. जुना लॉट त्याला जपून ठेवायचा होता, फक्त हलक्या बारेसाठी. मी नाही म्हणालो. खाच पडलेली केस हलक्या बारेपुरती म्हणून डब्यात राहिली, तर कधीतरी पूर्ण बारेची पावडर तिच्यात पडतेच. सगळ्या व्हाइसमध्ये चेपून भंगारात टाकल्या.