तुम्ही विचारलंत म्हणून: पहिल्या दिवशी सुप्पंडी का?

"सर, पोरगं चित्रकला शिकायला पाठवलंय आणि तुम्ही त्याला कॉमिक्स बघत बसवलंय होय?"

कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या माझ्या क्लासच्या दारात दर जूनला कुणीतरी पालक हे विचारतातच. काळजी खरी आहे. पुढं एलिमेंटरी, इंटरमीजिएट या चित्रकलेच्या परीक्षा असतात, स्थिरचित्र आणि स्मरणचित्र वेळेत बसवायचं असतं. ते सगळं मी करून घेतोच. पण दारात चपला घालता घालता या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही, म्हणून इथं लिहितोय.

मुलांच्या हातात मी देतो ते 'टिंकल' या मुलांच्या कॉमिक्स मासिकाचे जुने अंक. त्यातला सुप्पंडी तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आठवत असेल. सांगितलेलं काम शब्दशः करून मालकाच्या तोंडाला फेस आणणारा तो भाबडा नोकर. गोष्टी तामिळनाडूतल्या एका वाचकानं पाठवल्या होत्या. १९८३ साली त्या छापून आल्या आणि त्याला चेहरा दिला राम वाईरकरांनी.

पहिल्या दिवशी संवादांच्या फुग्यांवर मी कागदाच्या पट्ट्या लावतो आणि विचारतो, काय चाललंय सांगा. मागं एकदा तिसरीतल्या मुलीनं एका चौकटीवर बोट ठेवलं. मालक हात उगारून काहीतरी बजावतोय, सुप्पंडी मान पुढं काढून ऐकतोय. ती म्हणाली, "ह्याला काहीच कळलेलं नाही, पण ह्याला वाटतंय कळलंय." एक अक्षर न वाचता! मग आम्ही दोघांनी भिंगातून बघितलं, हे तिला नेमकं कुठं दिसलं ते. डोळ्यांत नव्हतं. होतं ते खांद्यांत. कान देऊन ऐकणाऱ्या माणसाचे खांदे थोडे ताठ होतात. इथं ते सैल, आज्ञाधारक, खाली सोडलेले होते. पाठीची रेष मानेपासून कमरेपर्यंत एका दमात आलेली. एवढ्या एका रेषेवर सगळा विनोद उभा होता. हे मुलाला आधी दिसलं की मग बाटली आणि फळं मांडून स्थिरचित्र काढताना तो नुसती बाह्यरेषा गिरवत बसत नाही, वस्तू कशी टेकली आहे ते बघतो.

आणि वाईरकरांच्या याच हातानं 'कृष्ण' काढला आहे. अमर चित्रकथा या कॉमिक्स मालिकेचे पहिले दहा क्रमांक परदेशी परीकथांचे होते. अकरावा आपला, अनंत पैंनी लिहिलेला 'कृष्ण', आणि चित्रं वाईरकरांची. तिथं कृष्ण काढायचा, इथं सुप्पंडी, मधे गाढवावरचा नसरुद्दीन होजा, आणि प्रत्येकाची चाल वेगळी. मला विचाराल तर सुप्पंडी जास्त अवघड. कृष्णाला मोरपीस आणि बासरी असते. सुप्पंडीला फक्त अंग.

मी शाळेत असताना लक्ष्मीपुरीतल्या एका रद्दीवाल्याकडून मला अमर चित्रकथेचे काही अंक मिळाले. पहिल्या पानावर चित्रकाराचं नाव बारीक अक्षरात असायचं. ते मी वाचलं त्या दिवशी कितीतरी वेळ तसाच बसून होतो. वाईरकर. म्हणजे आपल्या गल्लीत शोभेल असं नाव! तोवर ही चित्रं कुठल्या तरी मशीनमधून येतात असंच मला वाटायचं.

कुणी म्हणतं, चित्रकार आबालाल रहिमानांच्या गावात कॉमिक्स कशाला शिकवायचं? आबालालांनी रंगवलेला रंकाळा तलाव मीही मुलांना दाखवतो. पण याच गावात बाबूराव पेंटर आधी नाटकांचे पडदे रंगवायचे, मग त्यांनी सिनेमा काढला. लोकांसाठी काढलेलं चित्र कमी दर्जाचं, असं कोल्हापूरनं कधी मानलेलं नाही.

वाईरकर २००३ साली गेले. मला ते फार उशिरा कळलं. त्या संध्याकाळी रंकाळ्यावर संध्यामठाच्या बाजूला आम्ही शाळेतले चौघे भेटलो होतो. मी बातमी सांगितली आणि सगळे गप्प झाले. मग एकाला होजा आठवला, दुसऱ्याला कृष्ण. गोष्टी कुणालाच धड आठवत नव्हत्या. पण सुप्पंडी कसा उभा राहायचा ते चाळिशी ओलांडलेली माणसं उठून करून दाखवत होती, आणि चौघांचंही सारखंच येत होतं. भेळेचे कागद हातात तसेच राहिले.

सुप्पंडी पुढं वाईरकरांच्या मुलीनं, अर्चना आंबेरकर यांनी काढला. ते अंकही क्लासमध्ये आहेत. मुलं दोन्ही शेजारी ठेवून बघतात, तासन् तास.

माझ्याकडचे जुने अंक आता पिन निघून सुटे झालेत, काही पानं चिकटपट्टीनं पिवळी पडलीत. तुमच्या माळ्यावर असतील तर रद्दीत घालू नका. पोराला सोडायला याल तेव्हा घेऊन या.