लेकरासाठी खोटा-खोटा गेम निवडताना मी काय पाहते

गेम चांगला का वाईट हे स्टार किती पडले त्यावरून कळत नाही, माझं म्हणणं असं की खेळताना लेकरू बोलते का ते ऐका. गाडी पळवायचा नाहीतर फुगे फोडायचा गेम लावून दिला की आमची साडेचार वर्षाची पोरगी एकदम चूप, हाक मारली तरी ओ देत नाही. पण डॉक्टर-डॉक्टर, दुकान-दुकान असा खोटा-खोटा खेळ असला की तिचं तोंडच बंद होत नाही, स्क्रीनवरच्या मांजरीले म्हणते, "थांब वं माय, सुई नाई टोचून रायली, सलाईन लावून रायली." मला असाच गेम पायजे होता.

म्हणून पहिली अट, पॉइंट नको, टायमर नको, हरणं-जिंकणं नको. घड्याळ पळायला लागलं की लेकरू गोष्ट रचायचं सोडून नुसतं बोट आपटत बसते. दुसरी अट, वाचावं लागू नये, कारण बहुतेक गेम इंग्रजीत असतात आणि आमच्याकडे अंगणवाडीतल्या पोराला अजून क ख ग येत नाही. स्वीडनच्या टोका बोका कंपनीचा टोका लाइफ वर्ल्ड (२०१८ मध्ये आला, आता नाव टोका बोका वर्ल्ड) या दोन्ही बाबतीत छान आहे, बाहुल्या उचला, घरात ठेवा, जेवू घाला, काहीच चूक-बरोबर नाही. पण जागा लय खाते आणि फुकटात थोडीच ठिकाणं मिळतात, बाकी पैसे भरून. कमी जीबीच्या जुन्या फोनमध्ये नका टाकू. तीन-चार वर्षाच्या लेकरासाठी मला सागो मिनीचे गेम जास्त सोपे वाटतात, चित्रं मोठी आणि गर्दी कमी.

आता जाहिराती. हा माझा सगळ्यात मोठा राग आहे. एका फुकट किचनवाल्या गेममध्ये भाजी चिरता चिरता मधातच पैसे लावायच्या गेमची जाहिरात आली, ती बंद करायची फुली एवढी बारीक की माझंच बोट लागेना, लेकराचं काय लागणार! म्हणून प्ले स्टोअरवर नावाच्या खाली जाहिराती आहेत का, अ‍ॅपमधून खरेदी आहे का, हे लिहिलेलं असते ते आधी वाचा. शिक्षकांनी पास केलेल्या अ‍ॅपचा शिक्का गुगलने २०२० मध्ये सुरू केला, तो असला तर बरंच, पण शिक्का म्हणजे जाहिराती नाहीत असं समजू नका. डाउनलोड झाल्यावर नेट बंद करून उघडून पाहा, चालला तर तोच ठेवा. आमच्या इकडे पावसाळ्यात रेंज तशीही जाते, त्यामुळे नेटशिवाय चालणारा गेम हे सोयीचंच आहे. आणि घरात एकच फोन, त्यातच फोन-पे, म्हणून प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड लावाच, आणि स्क्रीन पिन करून द्या म्हणजे लेकरू गेममधून बाहेर पडून भलतीकडे जात नाही.

कापूस वेचणीच्या दिवसात घरातली सगळी मोठी माणसं वावरात आणि लेकरं आजीजवळ, तेव्हा फोन हातात जातोच, मी कोणाला नावं ठेवत नाही. पण २ ते ४ वर्षाच्या लेकरांना दिवसाला १ तासाच्या वर स्क्रीन नको, कमी असेल तेवढं बरं, असं डब्ल्यूएचओने २०१९ मध्येच सांगितलं आहे. आमच्याकडे तर अर्धा तास झाला की फोन वर ठेवते आणि मग ती गेममधलाच दवाखाना काड्यापेट्या आणि बोळक्यांवर चालू करते, तेव्हा मला त्या गेमचं खरं समाधान वाटते. फोन गेल्यावर रडून लोळण घ्यायला लावणारा गेम मी सरळ काढून टाकते, कितीही भारी असो.

एक खंत मात्र आहे. या सगळ्या गेममध्ये मॉल आहे, सलून आहे, बर्गरचं दुकान आहे, पण बैल नाही, वावर नाही, बाजाराचा दिवस नाही. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या लेकरांच्या पोळ्याला, आमची पोट्टी लाकडी नंदी सजवून घरोघरी फिरवतात, पुढं भुलाबाईच्या सणात पोरी तिची गाणी म्हणतात, याच्याहून चांगला खोटा-खोटा खेळ कोणता? नागपूर-अमरावतीच्या कॉलेजातल्या कम्प्युटरवाल्या पोरांनो, तुम्ही बनवा ना असा एखादा, मराठीत बोलणारा, जाहिरात नसलेला, मी पैसे देऊन घेईन.