पंचवीस शब्द

मंगळवार, रात्री उशिरा

कॅप्शन पाठवली आणि जेवायला बसले, पण घास उतरेना. पंचवीस शब्दांची मर्यादा होती. फोटो महागाईविरुद्धच्या लाटणे मोर्चाचा. मी लिहिलं : ‘“पाणीवाली बाई” म्हणून ओळखल्या जाणाऱ्या समाजवादी नेत्या मृणाल गोरे.’ नऊ शब्द. सोळा शिल्लक ठेवून मोकळी झाले.

खोटं काही नाही त्यात. खोटं असतं तर एक फोन करून बदलून घेतलं असतं.

‘बाई’ या शब्दाचीच गंमत आहे. शाळेत बाई म्हणजे मान, आणि स्वयंपाकघरात ‘आज बाई आली नाही’ म्हणजे भांडी पडलीत. मृणालताईंच्या बाबतीत यातली कुठली बाई? सत्त्याहत्तर साली उत्तर सोपं होतं. ‘पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात’ या घोषणेत दोन्ही बाया एका मापाच्या होत्या, म्हणून ती चढली. त्यातली दिल्लीवाली, म्हणजे इंदिरा गांधी, गळून पडली आणि उरलेलीच्या डोक्यावर कायमचा हंडा राहिला. आज त्यात माझीही एक कळशी.

पाणी म्हटलं की लोकांना मोर्चातले हंडे दिसतात, नळ कुठे अडतो ते दिसत नाही. गोरेगाव १९५७ साली मुंबई महापालिकेच्या हद्दीत आलं, ताई १९६१ला नगरसेविका झाल्या. हद्द कागदावर एका दिवसात सरकते. जलवाहिनीला वर्षं लागतात, आणि ती आली तरी झोपडीपर्यंत येत नाही. झोपडी अनधिकृत, म्हणून जोडणी नाही. जोडणी दिली तर बिल येणार. बिल म्हणजे पत्ता आणि पत्ता म्हणजे पुरावा. पुरावा असला की घर पाडताना कुणीतरी विचारणार, ‘मग इतकी वर्षं पैसे कसे घेतलेत?’ नळ नाकारण्यामागे पाण्याच्या टंचाईइतकीच या कागदाची धास्ती असते. ती ओलांडून जोडणी मिळाली तर ती पाच-दहा घरांत मिळून एक, बिल एकाच्या नावावर, आणि ज्याच्या नावावर बिल तो चाळीचा दादा. त्यातून वस्ती टेकडीवर असेल तर पाणी यायच्या वेळात दाब वरपर्यंत चढेपर्यंत खालच्यांचे पिंप भरून झालेले असतात आणि वरच्यांच्या नळातून नुसती हवा येते.

म्हणजे ‘पाणी’ हा शब्द तिथे ‘आम्ही इथले आहोत’ या अर्थाने वापरला जात होता. बेकायदा झोपडीतल्या माणसालाही पाणी साफ नाकारता येणार नाही, ते जगण्याच्या हक्कात मोडतं, असं मुंबई उच्च न्यायालयाने म्हटलं २०१४ साली. इतरांइतकं नाही, पण द्यावं लागेल. ताई २०१२ला गेल्या.

हे पंचवीस शब्दांत बसत नाही, मान्य. पण ‘मानवी हक्क’ हे दोन शब्द तरी बसले असते. ते का सुचले नाहीत? बहुधा आपल्या मनात मानवी हक्क म्हणजे तुरुंग, कोठडी, खटला. नळ त्यात येत नाही.

बरं, तुरुंगही होता. आणीबाणीत भूमिगत, मग पंचाहत्तरच्या डिसेंबरात अटक. मिसा म्हणजे विनाखटला डांबण्याचा कायदा. त्याच्या कलम १६अ मुळे स्थानबद्धतेची कारणं सांगायचीच नाहीत, कैद्याला नाहीत आणि कोर्टालाही नाहीत. २८ एप्रिल १९७६ला सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक असं ठरवलं की आणीबाणी असेपर्यंत याबाबत दादही मागता येणार नाही. तो एक न्या. खन्नांचा. आणि अकोल्याच्या तुरुंगातली ती कोठडी, ते शेजार… नको. ते लिहायला घेतलं की झोप जाते.

खरं खुपतंय ते वेगळंच. त्या सोळा शब्दांत ‘विरोधी पक्षनेत्या’ हे दोन सहज मावले असते. १९८८-८९, विधानसभा. मला ते आठवत नव्हतं असं नाही. लिहिताना बोट त्यावरून पुढे गेलं, कारण कुठेतरी वाटलं की हे पद आता कुणाला कळतं?

पंच्याऐंशीच्या सभागृहाचा हिशेब अजून तोंडपाठ आहे. एकूण २८८. काँग्रेस १६१, समाजवादी काँग्रेस ५४, जनता २०, भाजप १६, शेकाप १३. पवार ५४ घेऊन शहाऐंशीच्या अखेरीस काँग्रेसमध्ये परतले आणि विरोधी बाकांवर सगळ्यांत मोठा पक्ष उरला वीस आमदारांचा. जनताचे निहाल अहमद विरोधी पक्षनेते झाले, मग तेरा आमदारांच्या शेकापचे दत्ता पाटील, मग मृणालताई. आपसांत ठरवून, आळीपाळीने. या पदासाठी सभागृहाच्या एकदशांश जागा हव्यात अशी अट हल्ली सांगतात, तेव्हा कुणी ती मोजत बसलं नाही. २८८चा दहावा हिस्सा २८.८, म्हणजे एकोणतीस. ही अट विरोधी पक्षनेतेपदाबाबतच्या १९७८च्या कायद्यात नाहीच. त्यात आहे ते एवढंच : विरोधातल्या सर्वांत मोठ्या पक्षाचा नेता, अध्यक्षांनी मान्यता दिलेला.

२०२४च्या निकालात विरोधातला सर्वांत मोठा पक्ष वीसचा. तोच आकडा. आणि खुर्ची रिकामी राहिली.

‘काय फरक पडतो?’ असं लोक विचारतात तेव्हा मी फार मोठं बोलायला जाते आणि फसते. लहान बोलायला हवं. राज्य मानवी हक्क आयोगाच्या नेमणुका कोण सुचवतं? १९९३च्या कायद्याचं कलम २२ : मुख्यमंत्री, विधानसभेचे अध्यक्ष, गृहमंत्री, विरोधी पक्षनेता, आणि आपल्यासारख्या राज्यात विधान परिषदेचे सभापती व तिथला विरोधी पक्षनेता. गृहखातं मुख्यमंत्र्यांनी स्वतःकडेच ठेवलं तर सरकारातला एक माणूस दोन खुर्च्यांचा. विधानसभेतल्या विरोधी पक्षनेत्याची जागा रिकामी असली तरी नेमणूक त्या कारणाने बाद होत नाही, तशी सोय त्याच कलमात करून ठेवली आहे. काहीही अडत नाही. फक्त टेबलावर ‘नाही’ म्हणणारं एक माणूस कमी होतं.

आणि एका ‘नाही’ने होतं तरी काय, असंही मनात येतं. ताईंनी गर्भलिंगनिदानाविरुद्ध अशासकीय विधेयक आणलं. अशी विधेयकं मंजूर होत नाहीत, हे आणणाऱ्याला पहिल्या दिवसापासून माहीत असतं. उपयोग एवढाच की सरकारला काहीतरी बोलावं लागतं. अठ्ठ्याऐंशीत सरकारने स्वतःचा कायदा केला, देशातला पहिला. तोही भोकांचा : केंद्रं बंद करण्याऐवजी त्यांची नोंदणी, तक्रारदाराने थेट कोर्टात न जाता आधी यंत्रणेला नोटीस द्यायची आणि मुदत संपेपर्यंत थांबायचं, तोवर दवाखान्यातली कागदपत्रं जागेवर कशाला राहतील? शिवाय राज्याची हद्द संपली की कायदा संपला. देशभराचा यायला १९९४ उजाडलं.

म्हणजे तिथेही पुन्हा नळच. आधी जोडणी मिळवायची, मग दाबासाठी भांडायचं.

हे सुचल्यावर जरा हसू आलं. इतकी वर्षं कात्रणं सांभाळली, आकडे पाठ केले, आणि प्रसंग आला तेव्हा माझ्या हातून निघालं तेच जे कुठल्याही रिक्षावाल्याने सांगितलं असतं, याचं मघापासून वाईट वाटून घेत होते. पण गोरेगावचा रिक्षावाला उड्डाणपुलाचं नाव सांगताना ‘मृणालताई’ म्हणतो. ‘बाई’ आम्ही लिहिणाऱ्यांनीच धरून ठेवली आहे.

पावणेबाराला सुधारित पाठवलं : ‘मृणाल गोरे : नगरसेविका, आमदार, खासदार, आणीबाणीतील बंदी, विधानसभेतील विरोधी पक्षनेत्या. झोपडीतल्या नळासाठी आणि गर्भलिंगनिदानाविरुद्ध लढल्या. लोक त्यांना पाणीवाली बाई म्हणत.’ दोनदा मोजलं. वीस. पाच अजूनही शिल्लक.

लगेच उत्तर आलं. ‘छान. पण फोटोत डावीकडून कितव्या?’