डायरी स्टडीतला पाचवा दिवस

औषधांची आठवण करून देणाऱ्या ॲपवर आमचं काम चालू होतं. मुलाखतीत जो तो सांगायचा, "छे, माझी गोळी कधी चुकत नाही." ॲपमधले आकडेही तेच म्हणायचे. स्ट्रिपमध्ये मात्र मागच्या महिन्याच्या गोळ्या शिल्लक दिसायच्या. म्हणून १२ जणांची १४ दिवसांची डायरी स्टडी करायला घेतली, म्हणजे लोकांनी आपापल्या नोंदी स्वतःच रोजच्या रोज पाठवायच्या.

आधी रोज ११ प्रश्न काढले होते. आधीची चाचणी म्हणून स्वतःच भरून पाहिले आणि दुसऱ्याच रात्री चक्क थापा मारल्या! मग तीनच ठेवले: काय झालं, कुठे होतात, आसपास काय चाललं होतं. तेही गोळी घेतली किंवा राहिली की लगेच. लिहायचा कंटाळा आला तर फोटो किंवा व्हॉइस नोट चालेल म्हटलं.

चार दिवस एन्ट्र्यांचा पाऊस, पाचव्या दिवशी शुकशुकाट. सगळ्यांना एकच साचेबंद रिमाइंडर पाठवला, ढिम्म. शेवटी प्रत्येकाच्या आधीच्या एन्ट्रीतलं काहीतरी धरून एकेकाशी बोललो, तेव्हा नऊ जण परत आले. मानधन शेवटी एकदम द्यायचं ठरवलं होतं, तेही चुकलंच. टप्प्याटप्प्याने द्यायला हवं होतं.

एकाने तर रविवारी रात्री अर्ध्या तासात सहा दिवस भरून टाकले. पाठवल्याची वेळ पाहिली नसती तर मला पत्ताही लागला नसता. आठवून लिहिलेलं जरा जास्तच नीटनेटकं असतं. उगाच नाही १९७० च्या दशकात मानसशास्त्रज्ञ मिहाय चिक्सेंटमिहाय यांनी लोकांना पेजर देऊन, तो वाजेल त्या क्षणीच नोंद करायला लावली.

कोडं सुटलं ते एका आजोबांच्या फोटोने. सकाळी ८:०२ ला ॲपवर 'घेतली'. ८:०५ ला डायरीत फोटो: चष्म्याच्या डबीच्या झाकणात गोळी, शेजारी पालथा फोन. खाली एकच शब्द, 'नंतर'. शेवटच्या मुलाखतीत तो फोटो त्यांच्यापुढे ठेवला. हसले.

"अहो, ती घंटी बंद करायला 'घेतली' दाबतो. 'चुकली' कसं दाबू? घेणार असतो की!"

बाकीच्यांच्या एन्ट्र्या पुन्हा चाळल्या, तर आणखी चौघांचं हेच. पुढच्या आवृत्तीत 'थोड्या वेळाने' हे बटण आलं. झाकणातली गोळी दुपारपर्यंत तशीच राहते, त्यावर अजून डोकं खाजवतोय.