डिकी उघडली की फ्यूज उडतो

तक्रार एवढीच होती: सामान भरून निघालं की रात्री पार्किंग लाइट जातात, मीटरमधला उजेडही जातो. फ्यूज बदलला की दोन दिवस ठीक. गाडी 18 वर्षं जुनी, डिझेल स्टेशन वॅगन, म्हणजे छत मागपर्यंत गेलेली आणि डिकीला वर उघडणारं दार असलेली.

आपल्याकडे वॅगन मुळातच थोड्या. टाटा एस्टेट 1992 ची, इंडिगो मरीना 2004 ची, अशी हातावर मोजण्याइतकी नावं. त्यामुळे बहुतेक जण सेडानचं वायरिंग डोक्यात ठेवूनच कामाला लागतात. या गाडीतही आधी डॅशबोर्ड उघडून झाला होता, स्विच बदलून झाला होता.

फ्यूज बॉक्सच्या झाकणावर 10 अँपिअर, आत 20 चा बसवलेला. आधी हिशेब केला. पुढे दोन, मागे दोन, नंबरप्लेटला दोन असे 5 वॅटचे सहा बल्ब, म्हणजे 30 वॅट. 12 व्होल्टला अडीच अँपिअर. मीटरचे दिवे धरूनही 10 चा फ्यूज भरपूर. तो उडतोय म्हणजे लोड जास्त नाही, कुठेतरी शॉर्ट आहे, वायर थेट पत्र्याला टेकतेय. तिथे 20 चा घातला की फ्यूजऐवजी वायर तापते.

या सर्किटवरचे सगळे बल्ब काढले, फ्यूजच्या जागी 21 वॅटचा बल्ब जोडला आणि पार्किंगचा स्विच चालू केला. आता शॉर्ट झाला तरच हा बल्ब पेटणार. बल्ब बंद. दारं आपटली, वायरिंग हलवलं, तरी बंद. डिकीचं दार हळूहळू वर नेलं, तर अर्ध्यावर बल्ब लख्ख पेटला. पूर्ण उघडल्यावर पुन्हा विझला. मल्टीमीटर इथे फसवतो: दार बंद असताना सगळं बरोबर दाखवतो, आणि वायरचा एकच तंतू शिल्लक असला तरी बीप देतो.

छत आणि दार यांच्यामधली रबरी नळी सोलली. आत सात वायर. दार उघडताना दर वेळी त्याच दोन इंचांत वाकून प्लॅस्टिक तडकलेलं. पार्किंगच्या वायरचं तांबं उघडं पडून पत्र्याच्या कडेला टेकत होतं. अर्थची, म्हणजे करंट बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत नेणारी वायर पूर्ण तुटलेली. मालक सांगायला विसरलेली दुसरी खोड तिथेच कळली: पार्किंग बंद असताना ब्रेक दाबला की नंबरप्लेटचे दिवे मिणमिणायचे. दारातल्या ब्रेक लाइटला अर्थ मिळत नाही, म्हणून करंट नंबरप्लेटच्या बल्बमधून उलटा पार्किंगच्या लाइनीत जातो आणि टेल लॅम्पमधून अर्थ गाठतो.

तडकलेल्या जागेवर टेप गुंडाळू नये. उन्हाने गोंद वितळतो, महिन्याभरात तेच. सोल्डरही वाकणाऱ्या भागात नको, कडक झालेली वायर जोडाच्या कडेला तुटते. सातही वायर नळीच्या दोन्ही बाजूंना 15 सेंटीमीटर आत कापल्या आणि मध्ये बारीक तंतूंची सिलिकॉन वायर घातली: डिफॉगरला (मागच्या काचेवरचं धुकं घालवणाऱ्या तारांना) आणि अर्थला 2.5 चौरस मिलिमीटर, बाकीच्यांना 0.75. जोड एकाच जागी न घेता पुढेमागे घेतले, वर हीट श्रिंक, म्हणजे तापवल्यावर आवळणारी नळी. लांबी दार पूर्ण उघडं ठेवून मोजली. बंद दारावर मोजली तर वायर ताणली जाते.

डिफॉगर चालू ठेवून दाराचा पत्रा आणि बॅटरीचं निगेटिव्ह यांच्यात व्होल्टेज पाहिलं: 0.1 च्या आत, म्हणजे अर्थ नीट मिळतोय. मग तो 21 वॅटचा बल्ब पुन्हा लावून दार तीस वेळा उघडबंद केलं. एकदाही पेटला नाही, तेव्हा 10 चा फ्यूज बसवला.