तुम्ही विचारलंत म्हणून: जपानी माणसांचा गोंधळ उडत नाही का?

पुण्यात जपानी शिकवते म्हटल्यावर हा प्रश्न ठरलेला. ‘हाशी’ म्हणजे पूल आणि ‘हाशी’ म्हणजेच जेवायच्या काड्या, मग त्या लोकांना कळतं तरी कसं?

पुस्तकी उत्तर आहे सुरांचं. टोकियोत ‘हा’ चढा आणि ‘शी’ उतरता असेल तर काड्या; उलट केलं की पूल. तिसरा ‘हाशी’ म्हणजे कडा. तो एकटा ऐकला तर पुलासारखाच वाटतो. पुढे ‘गा’ प्रत्यय लागला की पुलानंतरचा ‘गा’ खाली येतो, कडेनंतरचा वरच राहतो. मुलं वहीत बाण काढून हे घोकतात. आणि मग कळतं की ओसाकात पूल आणि काड्यांचे सूर टोकियोच्या नेमके उलटे! पण म्हणून काही टोकियोचा माणूस तिथे उपाशी राहत नाही. जेवायला बसल्यावर पूल कोण मागणार? त्यामुळे सुरुवातीला सुरांपायी मी कुणाचा फार जीव खात नाही.

खरी गर्दी आहे ती चिनीतून आलेल्या शब्दांची. चिनीत त्या अक्षरांना आपापले सूर होते. जपानीत येताना ते गळले, आणि जपानीत मुळात ध्वनी मोजके, त्यामुळे कितीतरी अक्षरं एकाच उच्चारावर येऊन बसली. ‘कोओकाइ’ म्हणजे पश्चात्ताप, समुद्रप्रवास, खुला समुद्र, शिवाय जाहीर करणं. कागदावर चारही वेगळे दिसतात. मला विचाराल तर हे शब्द कानापेक्षा डोळ्यांसाठीच आहेत. बोलताना अडलं की जपानी माणूस तळहातावर बोटाने कांजी, म्हणजे त्या शब्दाची चिनी अक्षरं, गिरवून दाखवतो. आपल्याकडे उलटं: ‘जरा थांब’मधला जरा आणि म्हातारपणाची जरा लिहायला एकच, वेगळेपण फक्त उच्चारात.

संदर्भावरून कळतं म्हणावं, तर तेही नेहमी खरं नाही. विज्ञान ‘कागाकु’ आणि रसायनशास्त्रही ‘कागाकु’. दोन्ही एकाच वाक्यात आले की संदर्भ काय करणार? तेव्हा रसायनशास्त्राला सरळ ‘बाकेगाकु’ म्हणतात. ‘बाकेरु’ म्हणजे रूप पालटणं, आणि रसायनशास्त्राच्या ‘कागाकु’तल्या ‘का’ या कांजीचं हे देशी, म्हणजे मूळ जपानी वाचन. खासगी शाळा आणि नगरपालिकेची शाळा, दोन्ही ‘शिरित्सु’. तिथेही खासगीला ‘वाताकुशिरित्सु’ आणि पालिकेच्या शाळेला ‘इचिरित्सु’ म्हणून वाट काढतात.

यंत्राला मात्र तळहात दाखवता येत नाही. तोशिबाने 1978 मध्ये पहिला जपानी वर्ड प्रोसेसर जाहीर केला, किंमत 63 लाख येन. उच्चार टाइप करायचा आणि यंत्राने योग्य कांजी शोधायची. अशा यंत्रांची परीक्षा घेणारं एक गमतीचं वाक्य आहे: ‘किशा नो किशा गा किशा दे किशा शिता’. म्हणजे, तुमच्या कंपनीचा वार्ताहर आगगाडीने कंपनीत परतला. चारही ‘किशा’ वेगळे.

त्यातला पहिला ‘किशा’, म्हणजे आदराने ‘तुमची कंपनी’, माझ्या विद्यार्थ्यांच्या कामाचा. जपानी कंपनीत नोकरीसाठी पत्र लिहाल तर ‘किशा’ लिहा. मुलाखतीला समोर बसाल तेव्हा मात्र ‘ओन्शा’ म्हणा. बोलण्यात तोच शब्द चालतो.