रेवाच्या डाव्या पायाची वही : आठवडा ३६

आज सकाळी साडेसहाला माझ्या घोडीच्या, रेवाच्या, पुढच्या पायांना मापाची टेप लावली. उजवा पाय १८.५ सेंटिमीटर, डावा १९.४. सलग पाचव्या आठवड्यात आकडा हलला नाही. हाताला गरम लागत नाही, दाबलं तरी पाय ओढून घेत नाही. जुलैत तिच्या डाव्या पुढच्या पायाची शीर दुखावली (शीर म्हणजे इथे रक्तवाहिनी नव्हे, स्नायूला हाडाशी जोडणारा दोरीसारखा पट्टा), तेव्हापासून मी हे सगळं एका शंभर पानी वहीत लिहीत आले आहे. घोड्याचा पाय सुजला की पहिल्या रात्री डोकं चालत नाही आणि जो भेटेल तो वेगळा उपाय सांगतो. म्हणून वहीतलं इथे उतरवते आहे, माझ्या चुकांसकट.

रेवा कुमेत (तांबूस-तपकिरी) काठेवाडी घोडी, नऊ वर्षांची, चार वर्षांपूर्वी सारंगखेड्याच्या, दत्तजयंतीला भरणाऱ्या घोड्यांच्या यात्रेतून आणलेली. आमचं रान फलटण तालुक्यात. तिची रवाल चाल अशी की पाण्याने भरलेला तांब्या घेऊन बसावं.

६ आणि ७ जुलै

आदल्या दिवशी पाऊस झाला होता. परतताना मी रस्ता सोडून नांगरलेल्या काळ्या रानातून तिला घातलं. पाच मिनिटं वाचवायची होती. मधोमध तिचा डावा पुढचा पाय चिखलात खोल गेला, ती झोकांडली आणि पुन्हा सावरली. घरी आली तेव्हा चाल ठीक वाटत होती. मी पाय धुतले, हरभरा दिला आणि आत गेले. त्या संध्याकाळी दोन्ही पायांवरून नुसता हात फिरवला असता तरी फरक कळला असता.

सकाळी काकांनी हाक मारली. काका आमच्याकडे मोतद्दार आहेत, म्हणजे घोडीची निगा तेच राखतात, त्यांची हयात घोड्यांत गेली. "ताई, घोडी पाय टेकंना." गुडघ्याच्या खालून फेटलॉकपर्यंत (खुराच्या वरचा सांधा) नळीचा मागचा भाग फुगून आला होता. बाजूने पाहिलं तर धनुष्यासारखा बाक. एरवी तिच्या कानांची टोकं कमानीसारखी जुळलेली असतात. त्या दिवशी कान दोन बाजूंना पडले होते.

डॉक्टर येईपर्यंत आम्ही चार गोष्टी तपासल्या. ताप १००.४, म्हणजे ठीक (निरोगी घोड्याला साधारण ९९ ते १०१ फॅरनहाइट असतो). जखम नाही, काटा नाही. जखम असती तर धनुर्वाताच्या इंजेक्शनचा विषय आधी आला असता, कारण घोड्याइतका धनुर्वाताला हळवा प्राणी दुसरा क्वचितच. खूर उचलून तळवा साफ केला, कारण खुरात पू झाला तरी वर पाय सुजतो. फेटलॉकच्या मागे दोन्ही बाजूंना बोटं ठेवून नाडी पाहिली. खुरात दुखणं असेल तर ती नाडी उडताना जाणवते, तशी जाणवली नाही. मग तिला दहा पावलं चालवलं. उजवा पाय टेकताना डोकं खाली, डावा टेकताना डोकं वर. दुखरा पाय टेकताना घोडा मान वर घेतो, हे ज्यांनी नव्याने घोडा घेतलाय त्यांनी पक्कं लक्षात ठेवावं.

रात्रभर उभं राहून दोन्ही मागचे पाय सारखे जाड होतात आणि थोडं फिरवलं की उतरतात, ती सूज वेगळी. तिला घाबरायचं नाही. एकच पाय, गरम आणि दाबल्यावर दुखणारा, म्हणजे डॉक्टर.

तोवर पाण्याचा पाइप सुरू केला. वीस मिनिटं गार धार, दिवसातून तीन वेळा, पहिले तीन दिवस. एवढं एक काम आम्ही पहिल्या तासापासून बरोबर केलं. दुसरं चुकवलं. घरात होतं ते माणसांचं क्रेप बँडेज मी थेट कातडीवर घट्ट गुंडाळलं. दुपारी डॉक्टरांनी ते सोडलं तेव्हा शिरेवर आडवा वळ उमटला होता. ते म्हणाले, "मॅडम, असं रात्रभर राहिलं असतं तर बँडेजनेच शीर बिघडली असती." गुडघ्याच्या खाली घोड्याच्या पायाला मांस नाहीच. हाड, शिरा आणि वर कातडी. दाब पसरायला काही नाही, म्हणून आधी कापसाचा जाड थर हवा.

तेव्हापासून पद्धत ठरलेली आहे: आधी दोन बोटं जाडीचा कापूस, वरून पट्टी. डाव्या पायाला घड्याळाच्या उलट, उजव्याला घड्याळाच्या दिशेने, म्हणजे मागच्या शिरा आतल्या बाजूला ओढल्या जातात. पट्टीच्या वरच्या कडेतून एक बोट सहज आत गेलं पाहिजे. आणि दुसऱ्या पुढच्या पायालाही बांधायचं. घोड्याचं साठ टक्क्यांच्या आसपास वजन पुढच्या पायांवर असतं, एकाने काम सोडलं की सगळं दुसऱ्यावर येतं. चांगल्या पायाच्या खुराला त्या ओझ्याने कायमची इजा होऊ शकते. आम्ही रोज संध्याकाळी उजव्या खुराची नाडीही पाहत होतो.

पहिला आठवडा

टेपचे आकडे: ७ जुलैला २२, ९ जुलैला २२.८, १२ जुलैला २१. तिसऱ्या दिवशी सूज वाढलेली पाहून मी रडले होते, पण डॉक्टरांनी तसं होईल असं आधीच सांगितलं होतं.

औषध फेनिलब्युटाझोन, पाच दिवस, खाणं झाल्यावर. रिकाम्या पोटी दिलं तर पोटात व्रण होऊ शकतात. दुखणं पूर्ण थांबेल इतकं द्यायचं नव्हतं. दुखतं म्हणूनच ती पाय जपून टेकते, ते थांबलं की सगळं वजन टाकणार.

गावातल्या एकाने आपुलकीने मेडिकलमधून डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन आणलं. मी हात जोडून परत पाठवलं. जनावरांसाठी ते २००६ पासून बंद आहे. ते दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं, तर गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होतात. आपल्याकडची गिधाडं त्यानेच गेली. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅकवरही जनावरांपुरती बंदी आली.

दुसरा सल्ला डाग द्यायचा, म्हणजे तापलेल्या लोखंडाने पाय भाजायचा. आमच्या भागात अजून देतात, आणि देणारी माणसं वाईट नसतात, त्यांनी वाडवडिलांकडून तेच पाहिलेलं असतं. डागानंतर घोडा बरा झालेला सगळ्यांनी पाहिलेला असतो, कारण डागानंतर त्याला चार-सहा महिने बांधून ठेवतात. बरं करते ती विश्रांती. ब्रिटनमधल्या ब्रिस्टल विद्यापीठाच्या संशोधकांनी १९८३ साली यावरचं काम प्रसिद्ध केलं, त्यात डागाने शीर बरी व्हायला मदत होत नाही असंच निघालं. काकांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मग आम्ही उगाच भाजली म्हणायची." त्यानंतर डागाचा विषय त्यांनीच कोणाला काढू दिला नाही.

१३ जुलै, सोनोग्राफी

पहिल्याच दिवशी सोनोग्राफी करून घ्यायचा माझा हट्ट होता. डॉक्टरांनी थांबवलं. इजा पहिले काही दिवस आतल्या आत वाढत असते, त्यामुळे लवकर पाहिलं तर कमी दिसते. आठवडाभराने पाहिलेलं खरं. पुण्यात रेसचा सीझन पावसाळ्यात असतो, म्हणून रेसच्या घोड्यांचे डॉक्टर तेव्हा जवळ होते. ते छोटं मशीन घेऊन आले.

आधी त्यांनी हाताने पाहिलं. मला तो हात अजून आठवतो. पाय उचलून गुडघ्यात दुमडला, त्यामुळे शिरा सैल पडल्या. मग अंगठा आणि दोन बोटांच्या चिमटीत मागची वरची शीर धरून वरून खाली, एकेक बोट सरकत गेले. नळीच्या मध्यावर रेवाने कातडी थरथरवली. अर्ध्या बोटाच्या अंतरावर काही नाही, पुन्हा वर आले, पुन्हा तिथेच. मग माझं बोट तिथे ठेवायला लावलं. बाकीची शीर ओल्या दोरीसारखी, आणि तेवढ्या जागी भिजलेल्या भाकरीसारखं मऊ.

पडद्यावर शिरेच्या गोल छेदात मधोमध काळा डाग दिसला, साधारण पाव भाग. पांढरं ते धागे, काळं ते तुटलेलं. शिरेला रक्तपुरवठा कमी, म्हणून भरायला वेळ लागतो. आधी जे भरतं ते विस्कटलेलं, कच्चं असतं. हळूहळू ताण देत गेलं की धागे लांबीच्या दिशेने सरळ होत जातात. म्हणून नुसतं बांधून ठेवूनही भागत नाही आणि मोकळं सोडूनही नाही. नऊ ते बारा महिने, असं त्यांनी सांगितलं. रक्तातला प्लेटलेटचा भाग काढून शिरेत टोचण्याचा पर्यायही सांगितला. खर्च आणि पुण्याच्या फेऱ्या पाहता आम्ही विश्रांती आणि मोजून चालवणं निवडलं.

आठवडा २ ते ८

दहा बाय बाराची खोली, खाली उसाच्या पाचटाचा जाड थर. हरभरा आणि जव बंद. कोरडा कडबा थोडा थोडा करून पाच वेळा, मूठभर मीठ घातलेला ओला भुसा, थोडी लसूणघास. उभ्या घोड्याचं आतडं मंदावतं, पोटशूळ उठतो, म्हणून काका लीद मोजायचे. दिवसात आठ-दहा वेळा झाली की निश्चिंत. पावसाळ्यात कडबा आतून बुरसतो, प्रत्येक पेंढी फोडून पाहूनच टाकायचा.

२७ जुलैपासून हातात धरून पाच मिनिटं चालणं, मुरमाच्या सपाट रस्त्यावर, सरळ रेषेत. दर आठवड्याला पाच मिनिटं वाढ. गोल फिरवायचं नाही. सकाळ-संध्याकाळ खरारा मात्र भरपूर, त्याने ती शांत व्हायची. नालबंद दर पाच आठवड्यांनी येऊन खुराचं पुढचं टोक कमी करत होता, कारण टोक लांब राहिलं की पाय उचलताना मागच्या शिरेवर ताण येतो.

२८ ऑगस्टला टेप १९.२.

३१ ऑगस्ट

हे पान लिहिताना अजून त्रास होतो. पाय दिसायला बरा झाला होता. गरमी नाही, लंगडणं नाही. आठ आठवडे कोंडलेली घोडी दारावर पाय आपटत होती आणि मला तिची दया आली. कुंपणातल्या मोकळ्या जागेत दहाच मिनिटं सोडू म्हटलं. काका म्हणाले, "ताई, डॉक्टरांला इचारा." मी विचारलं नाही. दोर सोडला, ती एक क्षण उभी राहिली, फुरफुरली आणि चौखूर उधळली. तीन फेऱ्या. पकडेपर्यंत घामाने भिजली होती.

दुसऱ्या दिवशी २०.४ आणि पाय गरम. सोनोग्राफीत जुन्या जागीच नवीन काळं. सूज उतरली म्हणजे वरचं पाणी गेलं, शीर भरली असं नाही. हे मला सांगितलेलं होतं, कळलेलंही होतं, तरी डोळ्याला जे दिसलं त्यावर मी विश्वास ठेवला. पुन्हा गार पाणी, पुन्हा बांधणं. सप्टेंबरच्या मध्यावर परत पाच मिनिटांपासून सुरुवात.

दसरा, दिवाळी, दत्तजयंती

दसऱ्याला घोड्याची पूजा होते. रेवाच्या कपाळाला हळदकुंकू लावलं, गळ्यात झेंडूची माळ घातली. पालखीपुढे तिला न्यावं असा सगळ्यांचा आग्रह होता, "पाय तर चांगला दिसतोय." या वेळी मी नाही म्हटलं. काका दारातच उभे राहिले, त्यामुळे पुढे कोणी बोललं नाही.

दिवाळीत चार रात्री तिच्या कानात लोकरीचे बोळे घालून आणि खिडकीला पोती लावून मी खोलीबाहेर बाज टाकून झोपले. मोठा आवाज झाला की नाव घेऊन बोलत राहायचं. ती दोनदा गर्रकन फिरली, पण पाय टिकला.

डिसेंबरात खोगीर घालून फक्त चाल. सारंगखेड्याला सगळे गेले, मी गेले नाही. थंडीत सकाळी पाय आखडतो, म्हणून दहा मिनिटं हातात धरून चालवूनच वर बसायचं.

जानेवारीपासून

५ जानेवारीच्या सोनोग्राफीत काळा डाग करडा झालेला, धागे बऱ्यापैकी सरळ. दुडकी सुरू करायला परवानगी मिळाली: एका मिनिटाची, दिवसातून दोनदा, कडक सपाट जमिनीवर. आज एकूण दहा मिनिटांवर आलो आहोत, मध्ये मध्ये चाल. वेळ वाढवली की पुढचे दोन दिवस टेप सकाळ-संध्याकाळ लावते. अर्ध्या सेंटिमीटरने जरी वाढली तर मागच्या पायरीवर यायचं. फेब्रुवारीत एकदा तसं झालं, आलो.

शीर थोडी जाडच राहणार आहे. १८.५ पुन्हा दिसणार नाही आणि तिला मी शर्यतीत किंवा नाचायला कधीच देणार नाही. मार्चच्या शेवटी पुढची सोनोग्राफी आहे, ती पाहून दौडीचं ठरेल.

काल दुडकीतून चालीवर येताना ती न सांगता रवालात गेली, वीसेक पावलं. मी लगाम हळूच घेतला. काका रस्त्याच्या कडेला उभे होते, त्यांनी फक्त टोपी काढली. नालबंद गुरुवारी येतोय, तोवर दहा मिनिटंच.